क्यूबेकच्या पाच सवाष्णी

"सरप्राइज!" असं ओरडून उल्हास कारखानीसने लॅपटॉप ओट्यावर ठेवला. स्क्रीनवर बर्फात गळ्यापर्यंत बुडालेलं एक शहर होतं. दगडी घरं, हिरवी छपरं आणि वर कड्यावर राजवाड्यासारखं एक हॉटेल. "क्यूबेक सिटी, कॅनडा! लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून. सतराला उडायचं, एकवीसला परत. तिघांची तिकिटं काढून झाली, आणि ती आता ब्रह्मदेव आला तरी बदलत नाहीत."

अर्चना वरीचे तांदूळ परतत होती. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या त्यांच्या एवढ्याशा किचनमध्ये सकाळपासून उदबत्तीचा वास कोंडला होता. स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातलेली होती. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता.

"अठराला काय आहे?" तिने विचारलं.

"गुरुवार."

"कितवा?"

"कितवा म्हणजे? मार्गशीर्ष चार डिसेंबरला संपतोय. सगळं बघूनच बुक केलंय मी. येडा आहे का मी?" उल्हासने फोनमधलं पंचांग तिच्या नाकासमोर धरलं.

अर्चनाने गॅस बंद केला. हे लक्षण चांगलं नव्हतं. "हे ॲप कुणी दिलं तुला?"

"ऑफिसातल्या त्रिपाठीने."

"त्रिपाठी कुठला?"

"लखनौचा."

"उल्हास, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला अमावास्येला. त्रिपाठीचा मार्गशीर्ष चारला संपेल, माझा पुढे पंधरा दिवस चालू राहणार. अठराला माझा शेवटचा गुरुवार आहे. उद्यापन आहे."

उल्हास खुर्चीत बसला. सेहेचाळीस वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं की देशात दोन-दोन मार्गशीर्ष असतात.

गोष्ट साधी असती तर 'पुढच्या वर्षी करू' म्हणून मिटली असती. पण मार्चमध्ये वॉटफर्ड जंक्शनच्या प्लॅटफॉर्मवर उल्हासच्या छातीत कळ आली होती, आणि तासाभरात डॉक्टरांनी त्याच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली होती. तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये व्हेंडिंग मशीनला टेकून अर्चना देवीला बोलली होती: हा घरी चालत येऊ दे, मार्गशीर्षातले सगळे गुरुवार करीन आणि शेवटच्या गुरुवारी पाच सवाष्णींना हळदीकुंकू देईन. तो घरी चालत आला. आता देवीचं काम झालं होतं, हिचं राहिलं होतं.

तिने सांगलीला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"अहो आई, तिसऱ्या गुरुवारी उद्यापन उरकलं तर चालेल?"

"शेवटचा गुरुवार म्हणजे शेवटचाच की गं."

"मग कुमारिका चालतील का? तिकडे ओळखीचं कुणी नाही."

"चालतात की. पण तू बोलताना काय बोललीस?"

"पाच सवाष्णी."

"मग देवीला दिलेला शब्द फिरवणार व्हय?" सासूबाईंनी कपाळ कॅमेऱ्याला चिकटवलं. "आणि उल्ह्या, भिंतीवर एवढं मोठं कॅलेंडर लटकतंय ते दिसत नाही व्हय रे तुला?"

"ट्रिप राहू दे," अर्चना फोन ठेवल्यावर म्हणाली. ती हळू आवाजात म्हणाली, म्हणून उल्हासला जास्त लागलं. त्या शहराचा फोटो गेली सहा वर्षं तिच्याच लॅपटॉपवर होता.

"काही राहू बिहू द्यायचं नाही," तो उठून उभा राहिला. "पूजा तिकडे मांड. सवाष्णी माझ्याकडे लागल्या. अख्खं शहर आहे. पाच काय, पन्नास आणतो."

*

अठरा तारखेला सकाळी क्यूबेकमध्ये उणे बावीस होतं. नाकातले केस कडक होऊन टोचायला लागतात तेवढी थंडी. गेस्टहाउसच्या खोलीत अर्चनाने पूजा मांडली होती. पाच झाडांची पानं कुठून आणणार, बाहेर सगळी झाडं खराट्यासारखी उभी. म्हणून अंगणातल्या ख्रिसमस ट्रीच्या पाच डहाळ्या. कलश म्हणून मालकिणीचा दुधाचा जग. सुपरमार्केटच्या नारळाला शेंडी नव्हती, तर अन्वीने त्याला आपला काळा हेअरबँड अडकवला. एकंदरीत देवी प्रसन्न दिसत होती.

अर्चना खीर करायला खाली किचनमध्ये गेली. उल्हासने माकडटोपी घातली, पिशवीत केळी घेतली आणि सतरा वर्षांच्या मुलीला बरोबर घेतलं. अन्वी दोन वर्षांपूर्वी शाळेत फ्रेंच शिकली होती. घरात फ्रेंच येणारी ती एकटीच. तिचं मराठी तिच्या फ्रेंचपेक्षा जरा बरं होतं.

"पहिली तर घरातच आहे," उल्हास म्हणाला आणि थेट मालकिणीकडे गेला. नाव जिनेत, साठीची, लाल चष्मा, सतत हातात कॉफी. "विचार, तुझं आणि रेजाँचं लग्न होऊन किती वर्षं झाली?"

रेजाँ म्हणजे बाहेर फावड्याने बर्फ उपसणारा तो उंच म्हातारा. सकाळी उपसायचा, दुपारपर्यंत परत तेवढाच पडायचा, मग परत उपसायचा. अन्वीने विचारलं. जिनेत इतकी हसली की कॉफी बशीत सांडली.

"ती म्हणतो, रेजाँशी लग्न? कशाला? थर्टी-फोर इयर्स झाला. तीन मुलं आहे, दोन ग्रँडकिड्स आहे. सगळं नीट चालला आहे, उगाच का बिघडवायचा?"

"एक गेली," उल्हास म्हणाला. "हरकत नाही."

बेकरीतल्या बाईला विचारलं. ती लाजली. "नाही, पण विचारल्याबद्दल आभार," म्हणाली. बाबागाडी ढकलणारं एक जोडपं थांबवलं. दोन पोरं, एक कुत्रा, बारा वर्षं एकत्र, लग्न नाही. उतारावर एक सत्तरीची बाई काठी टेकत चालली होती. तिने उल्हासला पायापासून टोपीपर्यंत बघितलं आणि उत्तर दिलं.

"काय म्हणाली?"

"दोनदा केला, दोनदा सोडला. तू तिसऱ्यांदा विचारत असशील तर नाही म्हणतो."

अकरा वाजेपर्यंत उल्हासने एकोणीस बायकांना विचारलं. एकोणीसच्या एकोणीस नापास.

"बाबा, इथे खूप लोक लग्न करतच नाही. नुसता राहतात. सगळ्यांना चालतो."

"चारशे वर्षांचं शहर!" उल्हास भडकला. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. "तटबंदी बांधली, चर्चेस बांधली, जागोजागी तोफा लावून ठेवल्या. आणि लग्न करायला एकालाही वेळ मिळाला नाही?"

शेवटी नदीकाठच्या लाकडी गच्चीवर एक लाल टोपीवाली बाई इंग्रजीत जोरजोरात बोलताना सापडली. डेबी, ओहायोची.

"लग्न? हो तर! बेचाळीस वर्षं," ती म्हणाली.

"त्रेचाळीस," शेजारचा नवरा म्हणाला.

"बेचाळीस, वॉल्टर."

"लग्नात मी होतो, डेबी."

"असून उपयोग काय, तुझं लक्ष होतं का?"

उल्हासला भरून आलं. हे अस्सल लग्न होतं. त्याने पत्ता लिहून दिला, संध्याकाळी बोलावलं. गोड खायला आहे म्हटल्यावर वॉल्टरही यायला तयार झाला.

हुरूप येऊन त्याने पुढच्या चौकात आणखी सात-आठ बायका थांबवल्या. त्यातल्या कुणीतरी फोन केला असावा. कारण पाठीमागून हाक आली आणि वळून बघतो तर कमरेला पिस्तूल लावलेली एक पोलीस बाई. छातीवर नाव होतं, आनिक.

"सर, तुम्ही रस्त्यात बायकांना थांबवून लग्न झालंय का म्हणून विचारताय?" ती इंग्रजीत म्हणाली.

"हो."

"कशासाठी?"

"मला पाच हव्यात."

अन्वीने डोळे मिटले.

"पाच," आनिक म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत. एक मिळाली. बायको घरी वाट बघतेय."

"बाबा, प्लीज, तू बोलू नको!" अन्वी किंचाळली. मग तिने इंग्रजीत, फ्रेंचमध्ये आणि हातवारे करून सगळं समजावलं. देवी, हॉस्पिटल, स्प्रिंग, नारळ. आनिकने शांतपणे ऐकून घेतलं. तिला एक शब्द पटला नाही.

"चला," ती म्हणाली. "ही बायको मला बघायचीय."

*

अर्चनाने दार उघडलं. दारात नवरा, शेजारी पोलीस, मागे रडवेली पोरगी. सकाळपासून अर्चनाच्या पोटात फक्त दोन कप चहा होता.

"काय केलंस?"

"काही नाही गं. हिचं लग्न झालंय का, तेवढं विचारायचं राहिलंय."

आनिक आत आली. समई, दुधाचा जग, डहाळ्या, हेअरबँड घातलेला नारळ, वॉटफर्डहून प्रिंट काढून आणलेल्या पाच पोथ्या, सगळं तिने निरखून बघितलं. अर्चनाने तिला बसवलं आणि अथपासून इतिपर्यंत सांगितलं. मार्चमधल्या त्या कॉरिडॉरपाशी गोष्ट आली तेव्हा आनिकने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझं लग्न झालंय," ती म्हणाली. "जूनमध्ये."

"अगं बाई! मिस्टर काय करतात?"

"माझी बायको बेकर आहे."

उल्हासने अर्चनाकडे बघितलं. अन्वीने उल्हासकडे बघितलं. अर्चनाने देवीकडे बघितलं.

"लग्न रीतसर लागलंय ना? सह्याबिह्या?"

"हो."

"आणि तिची तब्येत बरी आहे?"

"एकदम."

"मग ती आहे म्हणून तू सवाष्ण, आणि तू आहेस म्हणून ती सवाष्ण. दोघी या."

उल्हासने बोटं मोजली. "एका लग्नात दोन! आपल्याकडे एका लग्नात एकच निघते." आता तीन झाल्या होत्या. त्याने घड्याळ बघितलं. "दोन वाजतायत. दोनच राहिल्या. भरपूर वेळ आहे."

"दिवेलागणीला बसायचंय," अर्चना म्हणाली.

"म्हणजे सात."

"बाबा, इथे सनसेट फोर ओ'क्लॉकला आहे."

केळ्यांची पिशवी उचलून उल्हास माकडटोपी न घालताच पळत सुटला, मागोमाग अन्वी.

खालच्या गावात जायला उभा जिना होता. खाली सतरा बायका, त्यात एक घटस्फोटित, तीन विधवा, बाकी सुखाने बिनलग्नाच्या. उल्हास परत वर आला. दुसऱ्या गल्लीत परत खाली. परत वर. चौथ्यांदा चढताना, एका जुन्या मठाच्या दारापाशी, त्याचा पाय बर्फावरून सटकला आणि तो पाठीवर आडवा झाला. केळी खाली आली, पण ती केव्हाच गोठून काळी ठिक्कर झाली होती. लाकडावर आपटल्यासारखा आवाज झाला.

कुणीतरी त्याची कॉलर धरली आणि पोतं उचलावं तसं त्याला उभं केलं. बघतो तर ऐंशीच्या पुढची, हाडकुळी, राखाडी स्वेटरातली बाई. आणि तिच्या हातात अंगठी होती. दिवसभराच्या सवयीने उल्हासचं तोंड आपोआप उघडलं.

"व्हू झेत मारिए?" लग्न झालंय का, एवढं फ्रेंच एव्हाना त्याला पाठ झालं होतं.

"एकसष्ट वर्षं," म्हातारी शांतपणे म्हणाली.

"मिळाली!"

"बाबा," अन्वी दात आवळून म्हणाली, "तो नन आहे."

सिस्टर क्लेमाँसने मान हलवली. अंगठी खरी होती, व्रताच्या दिवशी बोटात घातलेली. लग्न देवाशी. उल्हास मठाच्या पायरीवर बसला आणि बायकोला फोन लावला.

"कुणाशी झालंय म्हणते?" अर्चनाने विचारलं.

"येशूशी."

पलीकडे खीर ढवळायचा आवाज थांबला. "म्हणजे नवरा अमर."

"तसं म्हणता येईल."

"मग तिच्याएवढी अखंड सौभाग्यवती त्या गावात दुसरी कोण? हात जोड आणि मानाने घेऊन ये. आणि तू धापा का टाकतोयस?"

"थंडी आहे."

"जिने चढतोयस का?"

"छे!" उल्हास म्हणाला आणि समोरच्या जिन्याकडे पाठ केली.

*

चारला पाच मिनिटं कमी असताना जिनेतच्या बैठकीत, खाली आणून मांडलेल्या देवीसमोर, चार सवाष्णी ओळीने बसल्या होत्या. डेबी पोथी उलटी धरून चित्रं शोधत होती. आनिकची बायको सोफी हाताला पीठ तसंच घेऊन धावत आली होती. सिस्टर क्लेमाँस नारळाकडे कौतुकाने बघत होत्या. वॉल्टर खिरीच्या वासाकडे तोंड करून बसला होता. पाचवी खुर्ची रिकामी. खिडकीबाहेरचा उजेड निळा व्हायला लागला होता.

अर्चना कुंकवाचा करंडा हातात घेऊन त्या खुर्चीकडे बघत होती. मार्चमध्ये आयसीयूच्या काचेतून बघायची, तसंच. उल्हासने लंगडत बूट उचलले.

"कुठे?"

"एक राहिलीय. आणतो."

"बस खाली."

"अगं, पण तुझा शब्द..."

"शब्द गेला खड्ड्यात! पाठीला बर्फ चिकटलाय तुझ्या, मला दिसत नाही? तू त्या जिन्यावर पडून मेलास तर हे सगळं मी कुणासाठी मांडलंय?" आणि ती रडायलाच लागली.

चार सवाष्णी उठल्या. एकाच वेळी चार वेगवेगळे रुमाल तिच्यासमोर आले.

जिनेत दारात कॉफी घेऊन उभी होती. दिवसभर तिने आपल्या बारा मैत्रिणींना फोन करून बघितले होते. लुईज घटस्फोटित, मोनिक पण, बाकीच्यांचं तर बोलायलाच नको. आता ती अन्वीच्या कानाशी लागली.

"आई, जिनेत विचारतो, नवरा बरोबर राहायला पाहिजे का?"

अर्चनाने नाक पुसलं. "तसं काही नाही. परदेशी असतात कुणाचे."

"जिवंत पाहिजे?"

"हो. ते पाहिजे."

पुन्हा कुजबुज. "तो आवडायला पाहिजे का?"

अर्चनाने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ती म्हणाली. "ती अट कुठेच नाहीये."

"मग मी आहे," म्हणत जिनेत पाचव्या खुर्चीत बसली.

सगळं बाहेर यायला दोन मिनिटं लागली. जिनेतचं बाविसाव्या वर्षी जेराल्द नावाच्या माणसाशी चर्चमध्ये लग्न झालं होतं. तो चार वर्षांत फ्लोरिडाला गेला. तिथे गोल्फ खेळतो, ठणठणीत आहे. घटस्फोटाचे कागद वकिलाने पाठवले होते, ते ड्रॉवरमध्ये पडले, मग पोरं झाली, मग राहूनच गेलं.

"अगं, मग सकाळी का नाही बोललीस!" उल्हास कळवळला.

"ती म्हणतो, तू विचारला रेजाँशी लग्न झाला का. दुसरा कुणाशी झाला का, ते विचारलाच नाही."

उल्हासच्या डोळ्यांसमोरून सगळे जिने एकामागून एक गेले.

अर्चनाने समई लावली. हळद लावली, कुंकू लावलं, एकेकीच्या हातात पोथी आणि एकेक काळं केळं दिलं. जिनेतपाशी आल्यावर कपाळावर कुंकवाची टिकली टेकवून म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला उदंड आयुष्य मिळू दे."

अन्वीने भाषांतर केलं, आणि जिनेत खुर्चीतून उडाली. "नों! जेराल्दला? शंभर वर्षं? नको, नको, हे काढ!"

"लावलेलं कुंकू पुसत नाहीत," अर्चना घाबरून म्हणाली.

तेवढ्यात दारात काहीतरी दणकन पडलं. फावडं होतं. रेजाँ तिथे केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक. भुवयांवर बर्फ, हातमोज्यांतून पाणी गळतंय.

"कागद ड्रॉवरमध्ये?" तो म्हणाला. "चौतीस वर्षं?"

"मोज्यांच्या खाली," जिनेत पुटपुटली. पहिल्यांदाच तिच्या हातात कॉफी नव्हती आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

रेजाँने टोपी काढली. बराच वेळ ती हातात फिरवली. मग जिनेतकडे न बघता अन्वीला काहीतरी विचारलं, इतकं हळू की तिला दोनदा विचारावं लागलं.

"आई, तो विचारतो, हे दुसऱ्या माणसाच्या नावाने पण लावता येतो का?"

अर्चनाने देवीकडे बघितलं. दुधाच्या जगमधल्या डहाळ्या समईच्या उजेडात हलत होत्या. तिने कुंकवात पुन्हा बोट बुडवलं आणि जिनेतच्या कपाळावर, पहिल्या टिकलीच्या खाली, चांगली ठसठशीत दुसरी लावली.

"हे रेजाँसाठी," ती म्हणाली.

"अगं, दोन दोन?" उल्हास न राहवून म्हणाला. "असं कुठल्या शास्त्रात..."

"उल्हास," अर्चना वळून म्हणाली, "मी देवीकडे तुझं आयुष्य मागितलंय. तुझं मत नाही मागितलेलं."

मराठी त्यांच्यातल्या एकीलाही येत नव्हतं. तरी अन्वीने भाषांतराला तोंड उघडायच्या आत पाचही सवाष्णी एकदम हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्याने सिस्टर क्लेमाँस.